सर्वधर्मांचे अभ्यासक विनोबा

प्रस्तावना

आपला देश अनेक धर्मांचा आणि पंथांचा देश आहे. आपल्या शेजारी, कामाच्या ठिकाणी, प्रवासात वेगवेगळ्या श्रद्धेची माणसे आपल्याला रोज भेटतात. त्यांच्याशी हवापाण्याविषयी, महागाईविषयी, मुलाबाळांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. परंतु बोलणे देवाधर्मावर आले की पुष्कळदा एक तर आपण गप्प बसतो किंवा वाद घालू लागतो. आपली श्रद्धा न लपवता आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला न दुखावता धर्माविषयी बोलता येते का? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आचरणातून दिले, त्या आचार्य विनोबा भावे यांचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. भूदान चळवळीचे प्रवर्तक म्हणून विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. येथे मात्र त्यांच्या जीवनाचा एक वेगळा पैलू प्रामुख्याने पाहायचा आहे.

घरातील पहिला धडा

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या लहानशा गावी झाला. हे गाव आज रायगड जिल्ह्यात आहे. वडील नरहरपंत हे आधुनिक विचारांचे, विज्ञानाची आवड असलेले गृहस्थ होते. नोकरीच्या निमित्ताने ते बडोद्यास राहत. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण संतांची कितीतरी पदे त्यांना मुखोद्गत होती. घरकाम करताना त्यांच्या ओठांवर सतत एखादे भजन असे. मुलाला त्या प्रेमाने विन्या म्हणत.

एकदा रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज त्या एकेक दाणा मोजून देवापुढे ठेवीत. नरहरपंतांनी हे पाहिले आणि त्यांना एक सोपी युक्ती सुचवली. एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातील दाणे मोजावेत आणि त्या हिशेबाने लाख दाण्यांचे वजन काढावे. चूक राहू नये म्हणून वर अर्धा तोळा अधिक घालावा. गणित बिनचूक होते. रुक्मिणीबाईंना त्यावर काय उत्तर द्यावे ते सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारले. विन्याने सांगितले की, ही केवळ मोजदाद नाही. एकेक दाणा वाहताना देवाचे स्मरण होते, मन त्याच्या ठायी लागते आणि हेच या मोजण्याचे खरे प्रयोजन आहे. आईचे समाधान झाले. तिने ते उत्तर नरहरपंतांनाही सांगितले.

प्रसंग छोटा आहे, पण त्यात पुढील विनोबांची चाहूल लागते. वडिलांचे गणित खोटे आहे असे त्यांनी म्हटले नाही, की आईची कृती भाबडी आहे असेही म्हटले नाही. दुसरा माणूस एखादी गोष्ट का करतो, हे त्याच्या जागी उभे राहून समजून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

काशीतील वादसभा

विनायक अत्यंत बुद्धिमान होते. गणित हा त्यांचा आवडता विषय. तथापि रूढ शिक्षणात त्यांचे मन रमेना. एके दिवशी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईस निघाले. परंतु वाटेत सुरतेस गाडीतून उतरले आणि त्यांनी काशीची वाट धरली. ब्रह्मज्ञानाची ओढ त्यांना तिकडे घेऊन गेली होती.

काशीत गंगेच्या घाटावर पंडितांच्या वादसभा भरत. एका सभेत द्वैतवादी आणि अद्वैतवादी पंडितांचा वाद झाला. जीव आणि ईश्वर वेगळे आहेत, हा द्वैतवाद्यांचा पक्ष. दोन्ही एकच आहेत, हा अद्वैतवाद्यांचा पक्ष. शेवटी अद्वैतवादी पंडितांचा जय झाल्याचे घोषित करण्यात आले. तेव्हा वीस वर्षांचे विनायक उठून उभे राहिले आणि त्यांनी अद्वैताचा येथे पराजय झाला आहे, असे सांगितले. सभा चकित झाली. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्याला सर्वत्र एकच तत्त्व दिसते, तो वाद कोणाशी घालणार? वादासाठी समोर प्रतिपक्ष मानला, त्याच क्षणी दोनपणा मान्य केल्यासारखे झाले.

विनायक स्वतः अद्वैत मानणारे होते. तरीही आपल्या मताच्या विजयाने ते हुरळले नाहीत. धर्माची चर्चा दुसऱ्याला हरवण्यासाठी करू लागलो, तर त्या चर्चेतून धर्मच निघून जातो, ही जाणीव त्यांना तरुणपणीच झाली.

काशीत असतानाच महात्मा गांधींचे विचार त्यांच्या वाचनात आले. त्यांनी गांधीजींना पत्रे लिहून आपल्या शंका विचारल्या आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. तेथेच त्यांना विनोबा हे नाव मिळाले. १९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यासाठी आले. दळणे, विणणे, सूत कातणे, सफाई करणे आणि अध्ययन हे त्यांचे जीवन झाले. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांचीच निवड केली.

आपल्या धर्माची पक्की मुळे

इतर धर्मांविषयी आदर बाळगणारा मनुष्य स्वतःच्या धर्माबाबत उदासीन असावा, असा एक समज असतो. विनोबांचे जीवन हा समज खोटा ठरवते. भगवद्गीता हा त्यांच्या जीवनाचा आधार होता. रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती, परंतु त्यांना संस्कृत येत नव्हते आणि जुने मराठी अनुवाद कठीण वाटत. विन्यानेच गीता सोप्या मराठीत आणावी, असे त्यांनी सुचवले होते. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलाने ही इच्छा विसरली नाही. १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत विनोबांनी गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद केला आणि त्याला ‘गीताई’ असे नाव दिले.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. श्रोत्यांमध्ये राजबंदी होते तसेच सामान्य कैदीही होते. साने गुरुजी हेही त्या वेळी तेथेच शिक्षा भोगत होते. त्यांनी ती प्रवचने भराभर उतरून घेतली. त्यामुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला मिळाला. पुढे भारतातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

दुसऱ्याच्या घरात शिरताना

आपल्या श्रद्धेत असा ठामपणे उभा असलेला हा मनुष्य इतर धर्मांकडे वळला तो विद्यार्थी होऊन. मुसलमान बांधवांचा धर्म समजून घ्यायचा तर कुराण वाचले पाहिजे, असे त्यांना वाटले. प्रथम त्यांनी इंग्रजी भाषांतर वाचले. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. श्रद्धावंत ज्या शब्दांत आपल्या ईश्वराला आळवतो ते शब्दच ऐकले पाहिजेत, असे ठरवून चाळिशीच्या पुढे ते अरबी भाषा शिकले. नवी लिपी, नवे उच्चार, क्लिष्ट व्याकरण. पण त्यांनी नेट सोडला नाही. शुद्ध उच्चारांसह कुराणाचे पठण करण्याइतके प्रभुत्व त्यांनी मिळवले.

हीच त्यांची पद्धत सर्व धर्मांच्या बाबतीत राहिली. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात वेल्लोर येथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या भाषांचा अभ्यास केला. त्या भाषांतील संतवाणी मुळातून वाचावी, हा त्यामागचा हेतू होता. बौद्धांचे धम्मपद, ख्रिस्ती धर्माचा नवा करार, शिखांचे जपुजी यांचे त्यांनी वर्षानुवर्षे चिंतन केले. दुसऱ्याच्या धर्मग्रंथात शिरणे हे दुसऱ्याच्या घरात शिरण्यासारखे आहे. तेथे उणीदुणी शोधत हिंडणारा पाहुणा कोणाला आवडेल? त्या घरातील माणसे ज्या वस्तूला जपतात, ती वस्तू विनोबा आधी पाहत.

या अभ्यासाची कसोटी फाळणीनंतर लागली. देशात द्वेषाचा वणवा पेटला होता. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर विनोबा दिल्ली आणि मेवात भागात निर्वासितांच्या आणि विस्थापित मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाच्या कामी राहिले. त्या काळात अजमेरच्या दर्ग्यात जाऊन ते तेथील प्रार्थनेत सहभागी झाले. भयभीत झालेल्या माणसांच्या प्रार्थनेच्या जागी त्यांच्याबरोबर बसणे, हेच त्या वेळचे सर्वांत मोठे बोलणे होते.

मंदिराच्या दारात

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी दलितांनी विनोबांकडे कसायला ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे शंभर एकर देऊ केली. यातून भूदानयज्ञ सुरू झाला. पुढे सुमारे तेरा वर्षे विनोबा पायी देशभर फिरले. त्यांच्या पदयात्रेत सर्व जातिधर्मांचे स्त्रीपुरुष असत. त्यामुळे वाटेतील प्रत्येक मोठ्या मंदिराच्या दारात एक प्रश्न उभा राही: या सर्वांना आत जाता येईल काय?

सप्टेंबर १९५३ मध्ये यात्रा देवघर येथे पोहोचली. तेव्हा बिहारमध्ये असलेले हे क्षेत्र आज झारखंड राज्यात आहे. जेथे दलितांना प्रवेश नाही त्या मंदिरात जायचे नाही, असा विनोबांचा नियम होता. वैद्यनाथाच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. संध्याकाळची प्रार्थना आटोपून ते दलित बांधवांसह शांतपणे मंदिराकडे निघाले. तेथे काही पंड्यांनी या मंडळींवर हल्ला केला. विनोबांना वाचवण्यासाठी सहकाऱ्यांनी अनेक तडाखे आपल्या अंगावर घेतले. तरीही एक आघात विनोबांच्या डाव्या कानावर बसला आणि त्या कानाची श्रवणशक्ती कायमची मंदावली. १९३४ साली याच देवघरच्या परिसरात गांधीजींच्या मोटारीवरही हल्ला झाला होता. विनोबांनी मारणाऱ्यांविषयी कटू शब्द उच्चारला नाही. त्यांनी हे अज्ञानातून केले आहे, तेव्हा कोणालाही शिक्षा होऊ नये, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. पुढे थोड्याच काळात ते मंदिर दलितांना खुले झाले.

१९५७ मध्ये केरळातील गुरुवायूर येथे वेगळा प्रसंग घडला. या वेळी विनोबांबरोबर काही ख्रिस्ती सहकारी होते. मंदिराच्या चालकांनी विनोबांना आदराने बोलावले, परंतु अहिंदूंना आत घेता येणार नाही, असे सांगितले. विनोबांनी आग्रह धरला नाही, निषेधाच्या घोषणा दिल्या नाहीत. आपल्या सोबत्यांना बाहेर ठेवून आत गेल्यास देवाचे दर्शन होणार नाही, एवढे सांगून ते परत फिरले. त्यांच्या या माघारीवर केरळातील वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. पुढे कर्नाटकातील मेलकोटे येथे, जेथे रामानुजाचार्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले होते त्या मंदिरात, विनोबांना ख्रिस्ती सहकाऱ्यांसह प्रवेश मिळाला.

१९५८ च्या मे महिन्यात विनोबा पंढरपुरास आले. याच पंढरपुरात १९४७ साली दलितांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले होते. विनोबा अहिंदूंना घेऊन बळाने मंदिरात शिरणार, अशी अफवा आधीच पसरली होती. गावातील वातावरण तंग झाले. विनोबांनी जाहीर केले की, ते कोणावर दडपण आणणार नाहीत. मंदिराचे सेवेकरी प्रेमाने बोलावतील तरच ते जातील. नाहीतर जेथे असतील तेथूनच विठ्ठलाला नमस्कार करतील. या बोलण्याचा परिणाम झाला. प्रथम पुंडलिकाच्या मंदिराकडून निमंत्रण आले, मग रुक्मिणीच्या आणि अखेर विठ्ठलाच्या मंदिराकडून. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व सोबत्यांसह विनोबांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते.

या तीनही प्रसंगांत विनोबांची भूमिका एकच आहे. भेदभाव त्यांना मान्य नव्हता आणि तो त्यांनी कधी झाकलाही नाही. मात्र ज्यांचे मत बदलायचे, त्यांचाही देव तोच आहे आणि त्यांच्याही मनात भक्ती आहे, हे ते विसरले नाहीत. म्हणून दार तोडण्यापेक्षा ते आतून उघडले जावे, याची त्यांनी वाट पाहिली. ही वाट पाहण्याची किंमत दारात थांबणाऱ्यांनाच मोजावी लागते, हेही खरे आहे. म्हणूनच विनोबांनी स्वतःचे पाऊलही उंबरठ्याच्या बाहेरच ठेवले.

सार काढणारा संपादक

सर्व धर्मांच्या अनुयायांना एकमेकांचे ग्रंथ समजावेत, यासाठी विनोबांनी त्यांतील निवडक वचनांची संकलने केली. कुराणातील वचनांचे विषयवार संकलन असलेला ‘कुराण-सार’ हा ग्रंथ १९६२ मध्ये तयार झाला. तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच पाकिस्तानातील एका वृत्तपत्राने त्यावर टीका केली. एका हिंदूने कुराणात निवडानिवड करावी, हे त्यांना रुचले नव्हते. भारतातील काही मुस्लिम पत्रांनी मात्र पुस्तक न पाहताच टीका करणे योग्य नाही, असे मत मांडले. विनोबांनी रागाने उत्तर दिले नाही. पुस्तक लोकांच्या हाती पडल्यावर अनेक मुस्लिम अभ्यासकांनी त्याचे स्वागत केले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आसामातून बंगालकडे जाताना विनोबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सोळा दिवस पायी गेले. त्यांच्या सभांत मौन प्रार्थना होत असे. हजारो माणसे काही मिनिटे शांत बसत. प्रत्येकाने आपापल्या देवाला आपापल्या भाषेत स्मरावे. कोणाला कोणाचे शब्द उच्चारावे लागू नयेत, अशी ही प्रार्थना होती. जेथे शब्दांनी अंतर पडते तेथे मौनाने माणसे जवळ आणता येतात, हा विनोबांचा अनुभव होता.

‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलनही त्यांनी केले. जैन धर्माच्या सर्व पंथांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, असे त्यांना फार वाटे. येथे मात्र त्यांनी स्वतः लेखणी उचलली नाही. हे काम जैन विद्वानांनीच करावे, असे ते वर्षानुवर्षे विनवीत राहिले. अखेर जिनेंद्र वर्णी यांनी संकलन सिद्ध केले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत निरनिराळ्या जैन पंथांचे मुनी व विद्वान एकत्र बसले, त्यांनी त्यावर विचार केला आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सर्वमान्य झाला. दुसऱ्याच्या घरातील काम घरच्यांनीच करायचे असते आणि पाहुण्याने केवळ प्रेमाने आठवण द्यायची असते, हे तारतम्य विनोबांपाशी होते.

अखेरचे दिवस

१९६४ मध्ये पदयात्रेहून विनोबा वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात परतले. तेथे धाम नदीच्या काठी त्यांनी १९५९ मध्येच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली होती. त्यांच्या कार्याविषयी मतभेदही झाले. भूदानात मिळालेली पुष्कळशी जमीन नापीक निघाली किंवा भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही. १९७५ च्या आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांनीही टीका केली. थोरांचे चरित्र वाचताना त्यांच्यावरील आक्षेपही आपल्याला ठाऊक असावेत.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ते आजारी पडले. आपला अंतकाळ जवळ आला आहे, हे ओळखून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, पवनार येथे त्यांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

आईच्या लाख तांदळांतील एकेका दाण्याचा अर्थ जाणणाऱ्या या मुलाने पुढे साऱ्या धर्मांतील एकेक वचन तितक्याच आदराने उचलले. आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगावी, दुसऱ्याची मनापासून ऐकावी, न पटणारे स्पष्ट सांगावे आणि तरीही बोलावणे येण्याची वाट पाहावी, हे विनोबांच्या जीवनाने शिकवले. पुढच्या वेळी एखादा शेजारी आपल्या सणाविषयी, उपवासाविषयी किंवा प्रार्थनेविषयी काही सांगू लागला, तर तुम्ही काय कराल, याचा विचार अवश्य करा.

शब्दार्थ

प्रवर्तक: सुरुवात करणारा. मुखोद्गत: तोंडपाठ. समश्लोकी: मूळ श्लोकाच्याच छंदात, श्लोकाला श्लोक असे केलेले भाषांतर. प्रतिपक्ष: विरुद्ध बाजू. उदासीन: आस्था नसलेला. तारतम्य: योग्य-अयोग्य ओळखण्याची जाण.

स्वाध्याय

१. लाख तांदळांच्या प्रसंगातून विनोबांच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?
२. काशीच्या सभेत अद्वैताचा पराजय झाला, असे विनोबा का म्हणाले?
३. गुरुवायूर आणि पंढरपूर येथील प्रसंगांत कोणते साम्य व कोणता फरक आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ विनोबांनी स्वतः का तयार केला नसावा? तुमचे मत सकारण मांडा.
५. तुमच्याहून वेगळ्या धर्माच्या एखाद्या परिचिताला त्याच्या सणाची माहिती विचारा व ती दहा-बारा ओळींत लिहून त्याला वाचून दाखवा.